ई-पुस्तकात फेहरिस्त कुठे असते?

छापील पुस्तक हातात घेतले की आपण एक काम न सांगता करतो. मुखपृष्ठ पाहतो, मागची किंमत पाहतो आणि दोन-चार पाने उलटून अनुक्रमणिका काढतो. उर्दू पुस्तक असेल तर फेहरिस्त. लेखकाने काय काय मांडले आहे, कशाला किती जागा दिली आहे, आपल्या कामाचे प्रकरण कोणते, हे सगळे त्या एका पानावर कळते. वर्गातही आम्ही जूनच्या पहिल्या तासाला मुलांना आधी अनुक्रमणिकाच वाचायला लावतो. पण हेच मूल घरी मोबाइलवर किंवा टॅबवर पुस्तक उघडते, तेव्हा थेट पहिल्या प्रकरणात जाऊन पडते. पुष्कळ ई-पुस्तके अशीच बनवलेली असतात की उघडताच मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका मागे टाकून मजकूरच समोर यावा. दुसऱ्या दिवशी ते आदल्या रात्री जिथे सोडले होते तिथे उघडते. मग महिनाभर पुस्तक वाचूनही त्याची फेहरिस्त डोळ्यांनी पाहिलेली नसते.

फेहरिस्त हा शब्द मूळचा फारसी. अरबीत तो गेला आणि असा रुजला की बगदादच्या इब्न अल-नदीम यांनी आपल्या ग्रंथालाच ते नाव दिले. ते वर्राक होते, म्हणजे पुस्तकांच्या नकला तयार करून विकणाऱ्यांच्या पेशातले. हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ९८७च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या 'किताब अल-फेहरिस्त'चे दहा मकाले आहेत. त्या काळी अरबीत मिळणाऱ्या पुस्तकांची आणि ती लिहिणाऱ्यांची माहिती त्यांनी विषयवार लावून ठेवली. त्यांतली कितीतरी पुस्तके काळाच्या ओघात नाहीशी झाली, नावे उरली ती या यादीमुळे.

त्याच्याही नऊशे वर्षे आधी रोममध्ये प्लिनी नावाच्या विद्वानाने निसर्गाविषयी ३७ भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्याचा पहिला भाग जवळजवळ सगळा अनुक्रमणिकेसाठीच दिला. त्या काळचे पुस्तक म्हणजे गुंडाळी. पानच नव्हते, तर पानाचा आकडा कुठून येणार? कोणत्या भागात काय आहे, एवढेच तो सांगू शकत होता. ई-पुस्तकाने आपल्याला फिरून त्याच जागी नेऊन ठेवले आहे, आणि घराघरांत जो घोळ होतो तो इथूनच सुरू होतो.

कागदावर पान पक्के असते. ८४वे पान तुमच्या पुस्तकात जे, तेच आमच्या पुस्तकात. ई-पुस्तकात मजकूर पाण्यासारखा असतो, पडद्याच्या आकाराप्रमाणे आणि अक्षराच्या मापाप्रमाणे तो पसरतो. अक्षर दोन पायऱ्या मोठे केले की ज्या मजकुराला आधी एक पडदा पुरत होता त्याला दोन-तीन लागतात आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. किंडलवर यासाठी 'लोकेशन' नावाचे वेगळे माप वापरतात. अक्षर कितीही मोठे करा, ते बदलत नाही, पण कागदी प्रत घेऊन बसलेल्याला त्याचा काही उपयोग नाही. काही प्रकाशक छापील आवृत्तीचे पानांक ई-पुस्तकाला आतून जोडून देतात. तशी पुस्तके मिळाली तर चांगलेच, पण आमच्या पाहण्यात मराठीत ती कमीच आली.

आमच्या एक खाला आहेत, सत्तरीच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही छापील पुस्तकाचे अक्षर त्यांना झेपत नाही, म्हणून मुलाने टॅब घेऊन दिला. बोटाएवढे मोठे अक्षर करून त्या आरामात वाचतात. त्यांच्या मोहल्ल्यात दर जुम्याला दुपारी बायका एकत्र बसून सीरतचे एक पुस्तक वाचतात. वाचणाऱ्या बाई म्हणायच्या, "सफा ८४ निकालो." कागदी पुस्तक होते २४० पानांचे, खालांच्या टॅबवर तेच ९००च्या वर गेलेले. त्या म्हणायच्या, "मेरेकू तो ८४ पे दीबाचाच दिखरा." बायका हसायच्या, कुणीतरी आपले पुस्तक त्यांच्यापुढे सरकवायची आणि ते अक्षर तर त्यांना दिसतच नसे. दोन आठवडे त्या नुसत्या ऐकत बसल्या. तिसऱ्या आठवड्यात गुडघा दुखतो म्हणून गेल्याच नाहीत. गुडघा तर दहा वर्षांपासून दुखतो आहे, हे घरात सर्वांना माहीत होते.

उपाय अगदी साधा निघाला. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने त्यांना टॅबवर फेहरिस्त उघडायला शिकवली, आणि वाचणाऱ्या बाईंनी आकड्याआधी बाबचे नाव आणि त्यातला उपमथळा सांगायला सुरुवात केली. नाव ऐकले की खाला यादीत ते शोधतात, त्यावर बोट ठेवतात आणि कागदवाल्यांच्या आधी पोहोचतात. आम्ही वर्गातही आता हीच रीत ठेवली आहे. पाठ, मग उपमथळा, मग परिच्छेद, आणि पान क्रमांक सर्वांत शेवटी. अर्ध्या मुलांकडे पुस्तक आणि अर्ध्यांच्या घरी फक्त मोबाइल अशी स्थिती असताना दुसरी रीत चालतच नाही.

आता ती फेहरिस्त सापडते कुठे? एक गोष्ट नीट समजून घेतली की निम्मा गोंधळ मिटतो. ई-पुस्तकात अनुक्रमणिका दोन ठिकाणी असू शकते. एक पुस्तकाच्या सुरुवातीला, छापील पुस्तकासारखीच, पान म्हणून. तिच्यातल्या नावावर बोट टेकवले की ते प्रकरण उघडते. निदान उघडायला हवे. दुसरी यंत्राच्या किंवा अ‍ॅपच्या आत, कोणत्याही पानावरून हाक मारली की येणारी. खरी कामाची ही दुसरीच. पहिलीपाशी जायला पुस्तक मागे-मागे उलटत सुरुवातीला जावे लागते, दुसरी जिथे असाल तिथे हजर होते.

किंडलच्या यंत्रावर पडद्याच्या वरच्या भागाला बोट लावले की एक पट्टी उघडते. जुन्या यंत्रांवर तिथे 'गो टू' अशी इंग्रजी अक्षरे असतात, नव्यांवर आडव्या रेघांचे यादीसारखे चिन्ह. मोबाइलमधल्या वाचनाच्या अ‍ॅपमध्ये, मग ते किंडलचे असो की गुगलच्या प्ले बुक्सचे, पडद्याच्या मधोमध एकदा हलकेच टेकवायचे. काठावर टेकवले तर पान उलटते. पट्टी आली की तेच रेघांचे चिन्ह शोधायचे. चिन्हाची जागा अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीबरोबर इकडेतिकडे होते, तेव्हा जागा पाठ करण्यापेक्षा चिन्ह ओळखायला शिकवा. यादीतल्या एखाद्या नावाशेजारी छोटा बाण असेल तर त्याच्या पोटात उपमथळे आहेत असे समजावे. बाणावर टेकवले की ते उलगडतात.

उडी मारण्याआधी मात्र खूण करून ठेवावी. बहुतेक ठिकाणी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात टेकवले की पानाचा कोपरा दुमडल्यासारखी खूण पडते. उडी मारल्यावर आधीच्या जागी परत नेणारा बाण किंवा छोटी चौकटही पुष्कळदा दिसते, पण दोन-तीन उड्या झाल्या की ती कुठे नेईल याचा भरवसा नाही. खूण बरी. आणखी एक सांगायचे, पडद्याच्या तळाशी जी लांब पट्टी आणि तिच्यावर सरकणारा ठिपका असतो, त्याला लहान मुलांचे आणि वडीलधाऱ्यांचे बोट हमखास लागते आणि पुस्तक कुठल्या कुठे जाते. पुस्तक बिघडले म्हणून ते बंद करून ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. बिघडलेले काहीच नसते. यादी उघडायची आणि प्रकरणावर बोट ठेवायचे.

यादी आहे म्हणजे ती उपयोगाची आहेच असे मात्र नाही. कुरआनच्या तर्जुम्याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. सूरह ११४, पारे ३०. या दोन मोजण्या एकमेकींवर नीट बसत नाहीत. सूरह अल-बकराच्या २८६ आयती आहेत आणि ती पहिल्या पाऱ्यात सुरू होऊन तिसऱ्या पाऱ्यापर्यंत जाते. दुसरा पारा तिच्या १४२व्या आयतीपासून सुरू होतो, तिसरा २५३व्या आयतीपासून. उलट तिसाव्या पाऱ्यात एकट्यात ३७ सूरह आहेत. आता ज्या ई-पुस्तकाच्या फेहरिस्तीत फक्त सूरहची नावे आहेत, त्यात रोज एक पारा वाचणाऱ्याने दुसरा पारा काढायचा कसा? अल-बकरा उघडायची आणि १४१ आयती बोटाने सरकवत बसायचे. आणि ज्यात फक्त पारे आहेत, त्यात आयतुल कुर्सी शोधणाऱ्याला ती तिसऱ्या पाऱ्याच्या सुरुवातीलाच आहे हे आधी ठाऊक असावे लागते. चांगल्या फेहरिस्तीत दोन्ही वाटा असतात आणि लांब सूरहच्या पोटात रुकूंचे किंवा दहा-दहा आयतींचे टप्पेही. यंत्राला यात काही अवघड नाही, यादीतल्या ओळी वाढतात इतकेच. अवघड आहे ते पुस्तक बनवणाऱ्याने वाचणाऱ्याचा विचार करणे.

उर्दू पुस्तकांची आणखी एक तऱ्हा. ती उजवीकडून डावीकडे उघडतात. २०११ मध्ये आलेल्या ईपब ३ या प्रमाणात पाने कोणत्या दिशेला उलटावीत हे सांगण्याची सोय आहे, पण पुस्तक तयार करणाऱ्याने ती ओळ लिहायला हवी. ती राहिली की मजकूर उर्दू आणि पाने इंग्रजी रीतीने उलटतात. पुढे जायला म्हणून डावीकडे टेकवावे तर आपण मागे. अशा पुस्तकात फेहरिस्तच आधार. यादीतली नावे मात्र पुष्कळदा नस्तालीक ऐवजी नस्खमध्ये दिसतात, कारण ती पुस्तकाच्या नव्हे तर यंत्राच्या अक्षरात उमटतात. नस्तालीकवर नजर बसलेल्या आमच्या पिढीला ते खटकते, पण वाचता येते.

ही आतली फेहरिस्त आली कुठून, याची हकीकत आम्हाला फार आवडते. ईपब म्हणजे एक गाठोडे असते. त्यात प्रकरणांच्या छोट्या छोट्या फायली, चित्रे आणि एक यादीची फाइल असते. २००७ मध्ये मान्य झालेल्या ईपब २ मध्ये ही यादीची फाइल ज्या धाटणीची होती, ती अंध वाचकांसाठीच्या बोलक्या पुस्तकांकडून घेतलेली होती. कॅसेटवरच्या पुस्तकात सातवे प्रकरण ऐकायचे तर पट्टी पुढे पळवत अंदाजाने थांबावे लागे. प्रकरणागणिक आणि मथळ्यागणिक उडी मारता यावी, या गरजेतून स्वीडनमध्ये डेझी या पद्धतीची सुरुवात झाली, आणि १९९६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयांनी मिळून त्यासाठी डेझी कन्सोर्शियम स्थापन केले. म्हणजे आज आपण ज्या यादीवर बोट ठेवतो, तिची वाट ज्यांना पान दिसत नव्हते त्यांच्यासाठी पाडलेली आहे. अशा वाचकांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत म्हणून २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेश शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही आपल्याकडे सुरू झाले. घरात किंवा शेजारी कुणी दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याचे नाव तिथे नोंदवण्याविषयी जरूर चौकशी करा. मोबाइलवरचे पडदा वाचून दाखवणारे अ‍ॅप वापरणाऱ्या मुलाला अनुक्रमणिका नसलेले पुस्तक म्हणजे दार नसलेले घर आहे. डोळस माणूस निदान भराभर पाने उलटून शोधू शकतो.

आपल्या घरांत पुस्तके येतात ती बहुधा पीडीएफ होऊन, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली. तिथे प्रकार वेगळा. पीडीएफमध्ये पान पक्के असते, कागदासारखेच. पण बरीच पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात. त्यांच्यात छापील अनुक्रमणिकेचा फोटोही असतो, आणि त्या फोटोवर कितीही टेकवले तरी काही होत नाही. यासाठी एक युक्ती आम्ही मुलांना पाठच करायला लावली आहे. छापील पान १ हे फाइलच्या कितव्या पानावर आहे ते पाहा. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना धरून ते १३व्यावर आले, तर फरक १२चा. छापील अनुक्रमणिकेत धडा ८४व्या पानावर असेल तर फाइलमध्ये ९६वे पान मागा. पीडीएफच्या अ‍ॅपमध्ये पानाच्या आकड्यावर टेकवून हवा तो आकडा लिहिता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांची पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, त्यांच्यावर ही बेरीज करून पाहा. पहिल्या पानावरच फरकाचा आकडा लिहून ठेवायची सवय लागली की परीक्षेच्या आदल्या रात्री पडदा सरकवत बसावे लागत नाही.

ज्या पीडीएफ संगणकावर तयार झालेल्या असतात त्यांतही मराठी-उर्दूची एक जुनी अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी पुस्तके श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत आणि उर्दू पुस्तके इनपेजमध्ये जुळवली जात. त्यांत डोळ्यांना दिसते मराठी, पण आत साठवलेले असतात भलतेच संकेत. अशा फाइलमधून यादी तयार केली की मथळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. शब्द शोधायला जावे तर सापडत नाही. आमच्या संग्रहात एका प्रकाशकाचे पैसे देऊन घेतलेले असे ई-पुस्तक आहे. आत उत्तम मजकूर आणि यादीत २२ ओळींची खिचडी. कोणती ओळ कोणत्या प्रकरणाची, हे आम्ही एका कागदावर लिहून टॅबच्या मागे चिकटवले आहे! जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे मेहनतीचे काम आहे, मान्य. पण पुस्तक विकायला काढताना ती मेहनत वाचकाच्या माथी मारू नये.

जे शिक्षक, इमाम किंवा मोहल्ल्यातली तरुण मंडळी स्वतः टिपणे, स्मरणिका, दुआंची पुस्तिका असे काही तयार करतात, त्यांना हे काम फार सोपे आहे. फक्त मथळा नुसता ठळक आणि मोठा करून भागत नाही. वर्ड किंवा गुगल डॉक्समध्ये मथळ्याला 'हेडिंग १' आणि उपमथळ्याला 'हेडिंग २' असा दर्जा द्यायचा. माणसाला ठळक अक्षर दिसले की मथळा कळतो, यंत्राला दर्जा सांगावा लागतो. वर्डमधून पीडीएफ काढताना पर्यायांत हेडिंगवरून बुकमार्क बनवण्याची खूण करायची. गुगल डॉक्समधून तर सरळ ईपब उतरवून घेता येते आणि दर्जा दिलेल्या मथळ्यांची यादी त्यात आपोआप येते. चाळीस पानांच्या टिपणाला दहा मिनिटे जास्त लागतात. आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलींनी विज्ञानाची उजळणी-पुस्तिका अशी बनवली. त्यांनी मथळेही प्रश्नांच्या रूपात लिहिले, त्यामुळे नुसती यादी वाचली तरी निम्मा अभ्यास होतो. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

विकत घेताना मात्र आधी पाहून घ्या. ई-पुस्तकांच्या दुकानात बहुधा सुरुवातीची काही पाने नमुना म्हणून मोफत मिळतात. नमुना उतरवला की पहिले पान वाचण्याआधी रेघांच्या चिन्हावर टेकवा आणि यादी उघडा. प्रकरणांची नावे नीट दिसली, एखाद्या नावावर टेकवून तिथे पोहोचता आले, तर घ्यायला हरकत नाही. तर्जुमा, हदीसचा संग्रह, मसाइलचे पुस्तक, शब्दकोश किंवा पाककृतींचे पुस्तक असेल तर पोटात उपमथळे आहेत का तेही पाहा, कारण ही पुस्तके कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. कादंबरीचे एवढे अडत नाही. आणि यादीत जर मुखपृष्ठ, प्रस्तावना, पुस्तक अशा तीनच ओळी दिसल्या, तर पैसे खिशात ठेवून त्याच पुस्तकाची कागदी प्रत कुठे मिळते ते विचारा.